नाला नव्हे, खाडी

आमची वस्ती माहीमच्या खाडीकाठी, धारावीच्या बाजूला. पाहुणे आले की पहिला प्रश्न, "हा वास कसला हो?" आम्ही म्हणायचो, "नाल्याचा." कित्येक वर्षे आम्हीही तिला नालाच समजत होतो.

पण विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन मिठी नदी सुमारे 18 किलोमीटर येते आणि इथे समुद्राला मिळते. नदीचे मुख म्हणजे ही खाडी. दिवसातून दोनदा तिच्यात भरती शिरते. आई सांगते, ती लग्न होऊन आली तेव्हा ओहोटीला चिखलात चिंबोऱ्या सापडत. पुढे काठची खाजणे भराव घालून बुजवली, नदीचे पात्र अरुंद झाले. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी त्यात आले. खरे सांगायचे तर आमच्या घरच्या प्लास्टिक पिशव्याही आल्या.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी भरती होती. खालून समुद्र, वरून नदीचा लोंढा. पाण्याने जावे कुठे? ते आमच्या घरात शिरले. आम्ही कचेरीत अडकलो. आई आणि धाकटा भाऊ रात्रभर माळ्यावर बसून होते. पाणी ओसरल्यावर भावाने अनवाणी चिखल उपसला. पायाला जखम होती. आठवड्याने ताप आला, डोळे पिवळे झाले. लेप्टो! उंदरांच्या लघवीतले जंतू जखमेतून शरीरात शिरतात, हे तेव्हा कळले. भाऊ वाचला. शेजारचा तरणा मुलगा मात्र गेला. हे आधी कुणी सांगितले असते तर?

म्हणून आता दर मे महिन्यात आम्ही चार कार्यकर्ते घरोघर जाऊन सांगतो. पायाला जखम असेल तर साचल्या पाण्यात उतरू नका. उतरावे लागलेच तर लगेच दवाखान्यात तसे सांगा, प्रतिबंधक गोळी मिळते. ताप अंगावर काढू नका. कचरा खाडीत टाकू नका. तिवरे तोडू देऊ नका, त्यांची मुळे गाळ धरतात, पाण्याचा जोर मोडतात. तिवरांचा नाश म्हणजे संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले आहे. अर्ज लिहिताना हे कलम जरूर घाला. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या, आम्ही लिहून देऊ.

आणि माता-भगिनींनो, मुलांना एवढे शिकवा : हा नाला नव्हे, ही आपली खाडी आहे.