भास्कर, भास्कर आणि व्हर्जिल

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाने विकेंडला लॅटिन का शिकावं, ह्याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण दीड वर्ष झालं, आणि गेले पाच महिने व्हर्जिलचं 'ईनिड' मुळातून वाचतोय. १२ सर्ग, ९,९०० च्या आसपास ओळी. माझा वेग, शनिवारी चार ओळी. म्हणजे साडेसत्तेचाळीस वर्षं :-)

"अरे, इंग्रजी भाषांतर दोन रविवारांत संपतं की!" असं मित्र म्हणतात. संपतं. पण त्यात वृत्त येत नाही ना.

ह्या वृत्ताचं नाव हेक्झामीटर. ओळीत सहा गण. 'डॅक्टिल' म्हणजे एक दीर्घ, दोन ऱ्हस्व, असं वाचलं आणि उडालोच. हा तर शाळेतला 'भ' गण, भास्कर! जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हाही नियम जवळपास तोच. इंग्रजीत वृत्त आघातावर चालतं, त्यामुळे त्या पुस्तकांना हे पानंच्या पानं समजवावं लागतं. आपल्याला यमाताराजभानसलगं फुकटात मिळालंय.

खरी गंमत पुढेच. पहिल्या चार गणांत 'भ'च्या जागी सरळ दोन गुरू चालतात. अक्षरं कमी होतात, मात्रा चारच. म्हणजे हे भुजंगप्रयाताच्या जातीचं नव्हेच. ह्याचा चुलतभाऊ शोधायचा तर मोरोपंतांची आर्या, तिथेही चार-चार मात्रांचे गण. गुरू लागोपाठ आले की ओळ जड पावलं टाकते, 'भ' आले की पळत सुटते. हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही, म्हणून पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीवर म्हणतो. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "कुठलं स्तोत्र रे हे?"

अर्थ लावणं मात्र घाम काढतं. विशेषण ओळीच्या सुरुवातीला, त्याचं नाम पार शेवटी. लिंग, वचन, विभक्ती जुळवून अन्वय लावायचा, उघडलेला कंस कुठे बंद झाला ते शोधतो तसं.

हे साम्य काही माझा शोध नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी १५८३ मध्येच भावाला पत्रात लिहिलं होतं, की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. आणि एवढं लॅटिन येत असूनही १६१६ चं ख्रिस्तपुराण लिहिताना त्यांनी हेक्झामीटर मराठीवर लादला नाही, ओवीच घेतली. दहा हजारांवर ओव्या! मला हा निर्णय फार आवडतो.

असो. सध्या पहिल्या सर्गात वादळ सुटलंय. जहाजं बुडायला अजून सात-आठ शनिवार आहेत.