चाळिशी

मराठी भाषेचा एक खट्याळपणा मला फार आवडतो. माणसाचे वय आणि त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्मा, या दोहोंना तिने एकच नाव दिले आहे : चाळिशी! मला दोन्ही एकदमच लागल्या. आणि तेव्हापासून शाळेच्या कचेरीतल्या त्या जुन्या, पाठीला पोक आलेल्या मॉनिटरशी माझे भांडण जुंपले.

मुलांची माहिती संगणकात भरायची म्हणजे तासन्‌तास त्याच्यासमोर बसणे आले. मुख्याध्यापक बजावतात, "डोळ्यांत तेल घालून भरा हं, गुरुजी!" पण खरी गोम तिथेच आहे. डोळ्यांना तेल नको, पाणी हवे. आणि ते डोळाभर पसरवते पापणी. पडद्याकडे टक लावली की ती लवायचे विसरते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. शिवाय पिक्चर ट्यूबवरचे चित्र स्थिर नसतेच; सेकंदाला ६० वेळा ते नव्याने उजळत होते, आणि ती थरथर मला जाणवे. पणतीची ज्योतही थरथरते म्हणा, पण तिच्याकडे कोणी दिवसभर टक लावून बसत नाही. आमच्या संगणकशिक्षकांनी सेटिंगमध्ये तो आकडा ८५ केला, तेव्हा बरेचसे भांडण मिटले.

राहिला चष्मा. चाळिशी असते पुस्तकासाठी. मॉनिटर तर हात लांब केल्यावर बोटे टेकतील इतका दूर हवा. त्या मधल्या अंतराला वेगळा नंबर लागू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते अंतर मोजून सांगावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली असावी, आणि खिडकी समोर किंवा पाठीशी नको, बाजूला असावी.

या शिणाने डोळे कायमचे जात नाहीत, असे डॉक्टर सांगतात. खरे आहे; पण संध्याकाळ जाते! दिवसा शाळेची आणि रात्री कादंबरीची, अशा माझ्या डोळ्यांना दोन नोकऱ्या. पहिलीनेच सारे पिळून घेतले, तर दुसरीला काय उरणार?

म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद मी २० फुटांपलीकडे पाहतो. मैदानाच्या कडेला चिंच आहे. तिच्या शेंड्यावर नजर टेकली की पापण्या आपोआप लवू लागतात, आणि अडलेल्या प्रकरणातले एखादे पात्रही कधी कधी बोलू लागते.

"गुरुजी, बाहेर काय पाहताय?" मुख्याध्यापक विचारतात.

"डोळ्यांची मधली सुट्टी झाली, सर," मी सांगतो.