हिटरची पारख

कला शाखेच्या मुलीने डिझेल इंजिनाच्या हिटर प्लगवर लिहावे, हे संपादक मंडळाला कितपत रुचेल कोण जाणे! पण पावसावर, आईवर आणि कॉलेजच्या पहिल्या दिवसावर दरवर्षी लेख येतात. इंजिनावर आलेला मी तरी पाहिला नाही. शिवाय या चार प्लगांवर आमच्या घराचे बरेच काही अवलंबून आहे. तेव्हा वाचकांनी थोडे ऑइलचे डाग सोसावेत.

आमची मॅटॅडोर माझ्याहून वयाने मोठी आहे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी या गाड्या बांधीत असे. त्या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. मॅटॅडोरचे दिवस तर कधीच सरले. आमच्या गाडीला मर्सिडीजच्या धाटणीचे ओएम ६१६ हे चार सिलिंडरांचे इंजिन आहे. आई आणि अण्णा अकरा वर्षे कोयत्याला गेले. दसरा झाला की बाडबिस्तरा बांधायचा, आम्हा भावंडांना आजीजवळ टाकायचे आणि कारखान्याची वाट धरायची. उचल फिटली त्या वर्षी अण्णांनी कर्ज काढून ही जुनी गाडी घेतली. आता ती पाटोद्याकडच्या तीन वाड्यांचे दूध पहाटे उचलते आणि मांजरसुंब्यावरून बीडला नेते. तिथले दार ठरल्या वेळेला बंद होते. परत आलेले दूध अण्णांच्या खात्यावर पडते.

गेल्या मार्गशीर्षात गाडी रुसू लागली. बालाघाटावरची थंडी ज्याने सोसली आहे त्याला ती सांगायला नको.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांची हीच कल्पना, १८९२ सालच्या पेटंटातली. परंतु थंडगार लोखंड ही उष्णता पिऊन टाकते. आमच्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारले जाते आणि तिथे उष्णता अधिकच वाया जाते. म्हणून त्या कोठडीत पेन्सिलीएवढी तापणारी कांडी बसवतात. तोच ग्लो प्लग. जर्मनीतल्या बॉश कंपनीने तो १९२२ साली आणला. आपल्याकडे सगळे त्याला हिटरच म्हणतात.

गावातले एक ट्रकवाले काका म्हणाले, "आमच्या गाडीला हिटर नसतोच, तुम्हालाच कशाला लागतो?" त्यांचेही खरे. बहुतेक मोठ्या ट्रकांत डिझेल थेट सिलिंडरात मारतात, म्हणून आपल्या हवेत त्यांचे हिटरवाचून भागते. काकांचा उपाय मात्र भयंकर होता: हवेच्या नळीशी जळता बोळा धरायचा. अण्णांनी तो दोनदा केला. कोणी ईथरचा फवारा मारायलाही सुचवले. तापलेल्या हिटरवर ईथर गेले तर इंजिनात स्फोट होतो, हे मिस्त्रीचाचांनी वेळीच सांगितले म्हणून बरे.

मग स्वस्तातले चार प्लग आणले. पौष संपायच्या आत त्यातले दोन गेले. एका प्लगचे टोक तर फुगून भोकात अडकले होते. चाचांनी इंजिन गरम करून, तेल सोडून, तासभर खपून तो अलगद काढला. तुटला असता तर हेडच उतरवावे लागते. त्या महिन्यात तीनदा दूध परत आले. ही बातमी कशी पोचते देव जाणे, पण भाद्रपदात मुकादम आमच्या ओट्यावर येऊन बसला. "उचल घेऊन टाका. म्हातारी गाडी काय जन्माला पुरणार आहे?" अण्णा बोलले नाहीत. आईच आतून म्हणाली, "आधी प्लग आणा."

म्हणून या वेळी मी अण्णांबरोबर बीडला गेले. निघण्यापूर्वी चाचांकडून सगळे विचारून वहीत लिहून घेतले होते. पहिली गोष्ट व्होल्ट. आमची बॅटरी १२ व्होल्टची; २४ व्होल्टचा प्लग तिच्यावर नुसता कोमट होईल. प्लगवर ११ छापलेले दिसले तर दचकू नये, तो १२ च्याच गाडीचा असतो. दुसरी गोष्ट लांबी. जुना प्लग शेजारी धरून टोक मिळवायचे. आखूड असेल तर कोठडीत पोचत नाही, लांब असेल तर टोक जळते. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. प्लग चिमट्यात धरून बॅटरीवर क्षणभर लावायचा. चांगला प्लग टोकापासून लाल होत जातो. हलका मधल्या बुडख्याशी लालतो आणि टोक काळेच राहते. आगीची जिथे गरज, तिथे ती नाही!

पहिल्या दुकानदाराने बॅटरी लावू दिली नाही. डबा बघा म्हणाला, डब्यावर नाव आहे की! डबा छापायला किती लागते? दुसऱ्याने हसत हसत दोन तारा काढून दिल्या. मी बाजूला उभी राहून आकडे मोजत होते, दुकानातली पोरे काम सोडून बघत होती. चारही टोके सारखी लालली. किंमत आधीच्या प्लगांच्या दुपटीहून जास्त होती. आईने भिशीतले पैसे दिले होते, तरी अण्णांनी नोटा दोनदा मोजल्या. एकच बिघडलेला बदलावा, असेही त्यांच्या मनात होते. पण एक नवा आणि तीन थकलेले म्हणजे तीन सिलिंडरांची खोकला-खोकल आणि पांढरा धूर. चौघांची जोडी एका वयाची असावी, हे मला पटते.

प्लग बसवताना चाचांनी भोकातली काजळी खरवडली, पट्टीचे नट घासले. रिले पाहून त्यांनी मान हलवली. इंजिन सुरू झाल्यावरही तो कधीकधी अडकून प्रवाह चालू ठेवीत असावा, टोक फुगण्याचे तेही एक कारण, असे त्यांचे मत. म्हणजे सारा दोष स्वस्त मालाचाच नव्हता.

पूर्वीच्या टाटा-मर्सिडीज ट्रकांत, जे १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले, ड्रायव्हरसमोर जाळीत एक छोटी तार असे. हिटर तापले की ती लाल होई. तिथे प्लग एकामागे एक जोडलेले. एक तुटला की सगळे थंड. आमचे चौघे स्वतंत्र आहेत. पण त्या तारेची गोष्ट सांगता सांगताच चाचांनी डॅशबोर्डला एक लहान बल्ब लावून दिला, हिटरच्या पट्टीवरून. प्रवाह चालू तोवर तो पेटलेला.

रिले नवा घ्यायला संक्रांत उजाडेल. तोवर अण्णा किल्ली फिरवतात, मनातल्या मनात वीस मोजतात, स्टार्टर मारतात, आणि बल्ब विझला की नाही ते पाहूनच गिअर टाकतात.