सिस्टरनं थांबवलं म्हणून

सातारा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एवढ्या तावातावानं बोलत होतास की मला मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही, म्हणून हे पत्र. रात्री आयसीयूत सेंट्रल लाइन घालायची होती. तू स्टराइल ग्लोव्हज घातलेस, मॉनिटर किंचाळायला लागला म्हणून त्याच हातानं त्याचं बटण दाबलंस आणि पुन्हा ट्रेकडे वळलास. ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, थांबा. ग्लोव्हज बदला." ज्युनिअरच्या आणि आयसीयूतल्या मावशींच्या देखत! तुझ्या मते हा अपमान. माझ्या मते त्या रात्री त्या आयसीयूत झालेलं सगळ्यांत मोलाचं काम तेच. चिडलास तरी चालेल, पण पुढचं वाच.

ते बटण दिवसभरात किती जणांनी दाबलं असेल? ॲसिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या जागेवरही आठवडेच्या आठवडे तग धरतो. कॉटचा कठडा, सलाईनचा स्टँड, पडद्याची कड, आणि राग मानू नकोस, तुझा मोबाईल. तुझ्या लाइनचं टोक जाऊन बसतं हृदयाच्या तोंडाशी. म्हणजे बटणावरून निघालेल्या जंतूला कातडीचा अडसर राहत नाही, थेट रक्तात वाट मिळते. आणि आयसीयूतले जंतू साधे नसतात. अँटिबायोटिकांच्या माऱ्यातून वाचलेले असतात. ग्लोव्हजमुळे आपल्याला उगाच निर्धास्त वाटतं, ही माझी जुनी तक्रार. ग्लोव्हज घातलेला हात सगळीकडे फिरतो, उघडा हात निदान थोडा बिचकतो.

हात धुवायला लावणाऱ्या डॉक्टर सेमेलवाइसचं नाव तुम्हाला पहिल्या वर्षाला एका ओळीत सांगून टाकतात. खरी गोष्ट त्या ओळीत मावत नाही. तो होता त्या व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्यात शंभरातल्या अकरांहून अधिक बायका दगावल्या, दुसऱ्यात तीनही नाहीत. हे शहरभर ठाऊक होतं. पहिल्यात नाव लागू नये म्हणून बायका हातापाया पडायच्या. दवाखान्यात पोचायच्या आधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायकासुद्धा जास्त जगायच्या! कारण हवामानात शोधलं, गर्दीत शोधलं, घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्रीबुवांतही शोधलं. मग मार्च १८४७मध्ये सेमेलवाइसचा मित्र, प्रोफेसर कोलेचका, शवविच्छेदनात विद्यार्थ्याची सुरी लागून वारला आणि त्याच्या देहात नेमकी बाळंतिणींच्या देहातली लक्षणं सापडली. विद्यार्थी शवागारातून उठून तसेच बाळंतिणीला तपासायला येत होते. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. फरक एवढाच.

मे महिन्यात सेमेलवाइसनं क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण अठरा टक्के होतं, जूनमध्ये दोनच्या आसपास आलं. पाश्चरचे जंतू अजून कुणाला माहीत नव्हते, तरी आकडे डोळ्यांसमोर होते. मग विरोध का झाला? माझा समज असा की सभ्य घरातल्या डॉक्टरचा हात घातकी असतो आणि त्याच्यापेक्षा सुईणीचा बरा, हे कबूल करायची तयारी नव्हती. सेमेलवाइसनंही घोळ घातलाच. ग्रंथ लिहायला १८६१ उजाडलं, आणि विरोधकांना तो पत्रांतून खुनी म्हणू लागला. १८६५मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. शिव्या दिल्यानं कुणी हात धूत नाही, हे मीही वॉर्डात पाहिलंय.

म्हणून मला जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्टचं कौतुक जास्त. २००१ साली त्यानं सेंट्रल लाइनसाठी पाच साध्या पायऱ्यांची यादी केली. हात धुणं, क्लोरहेक्सिडिननं कातडी स्वच्छ करणं, पेशंटला पूर्ण झाकणं वगैरे. तुला पाठ असतील. महिनाभर सिस्टरांना नुसतं बघायला सांगितलं, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पेशंटांमध्ये एखादी तरी पायरी सुटत होती. आणि हे हॉपकिन्समध्ये! त्यानं पुढे केलं ते यादीपेक्षा मोठं. पायरी सुटली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार त्यानं प्रशासनाकडून सिस्टरांना मिळवून दिला. नंतर मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंत हीच पद्धत नेली. दर हजार लाइन-दिवसांमागे संसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

आपल्याकडे डॉक्टर आले की सिस्टर खुर्चीतून उठते, नातेवाईक हात जोडतात, आणि मामा-मावशींनी बोलायचंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं श्रीमंत देशांत दाखल झालेल्या शंभरांपैकी सात जणांना रुग्णालयातच संसर्ग होतो, आपल्यासारख्या देशांत पंधरांना. एकेका सिस्टरकडे तीन-चार व्हेंटिलेटर, सिंकला पाणी नाही, हँडरबची बाटली रिकामी, हे सगळं खरं. त्याचा दोष तुझ्यावर घालत नाही. पण ज्याला दिसतंय त्याला बोलता येत नाही, ही टंचाई पैशाची नव्हे.

लघवीच्या नळीचं तेच. घालताना कारण असतं, नंतर काढायची कुणाला आठवण नसते, आणि सिस्टरनं आठवण केली की "राउंडला बघू". रोज सकाळी तूच विचार, ही नळी आज हवी का? तिनं विचारायच्या आधी.

आता घरचं. दादाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, जाळी बसवणार आहेत. सर्जन तुझ्या कॉलेजचे सीनिअर आहेत म्हणे. आदल्या रात्री वस्तऱ्यानं केस काढू देणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवलंय. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात; काढायचेच तर क्लिपरनं. आणि जखम बघायला येईल त्या प्रत्येकाला, सर्जनसाहेबांनासुद्धा, मी "हात धुतलेत का?" असं विचारणार आहे. तुला संकोच वाटत असेल तर तेवढा वेळ खाली कँटीनला चहा घ्यायला जा.

तुझी,
आत्या