देवघरापुढचा डाग

महाकालाच्या पिंडीची झीज थांबावी म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये अभिषेकाच्या पंचामृतावर मर्यादा आली. घरातल्या संगमरवराने दाद कुणाकडे मागायची?

आमच्या उज्जैनच्या घरी देवघरापुढे ताटाएवढा निस्तेज डाग आहे. आजी तिथेच बसून चिंचेनं देवाची उपकरणी घासायची. संगमरवर मुळात चुन्याच्या जातीचा दगड. चिंच, लिंबू, दही, आंबट काहीही त्याची वरची चकाकी खातं. हा मळ नव्हे, म्हणून पुसून जात नाही, पॉलिशच लागतं. बाथरूमचं अ‍ॅसिड तर लांबच ठेवा! आधी केर काढून कचकच घालवायची, मग साध्या पाण्याचा पोछा, कधीतरी सौम्य साबण. बस्स.

दिवाळीआधी पॉलिशवाला येतोय. देवघरापुढची तेवढी जागा सोड, पैसे पूर्ण घे, असं आईनं त्याला सांगून ठेवलंय.