आजारपणाला सुतक नाही

आजाऱ्याच्या घरात मोठ्याने हसू नये, गाणे लावू नये, नवे लुगडे नेसू नये, असा एक अलिखित नियम आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पाळला जातो. तो कोणत्या स्मृतीत सांगितला आहे, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक आपल्या शास्त्रकारांनी दुःखाच्या बाबतीत मोठी व्यवहारी दृष्टी ठेवली होती. मृत्यूनंतर दहा दिवस सुतक पाळावे, तेरावा झाला की गोडाचे जेवण करावे आणि माणसाने पुन्हा आपल्या उद्योगाला लागावे, असे त्यांनी दिवस मोजून ठरवून दिले. शोकाला त्यांनी आरंभ दिला, तसा शेवटही दिला. आजारपणाचे मात्र तसे नाही. ते किती दिवस चालेल, हे वैद्यालाही सांगता येत नाही. म्हणून आजाऱ्याची सेवा करणारे माणूस नकळत असे एक सुतक पाळू लागते, की ज्याला अकरावा दिवसच नसतो.

हा विचार मला सुचला तो पुस्तके वाचून नव्हे. बेल्लमपल्ली हे आमचे गाव तेलंगणात, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावर आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून मंचेर्याल जिल्ह्यात गेले. माझे माहेर फोंड्याकडचे आणि सासर मूळचे राजुऱ्याचे. निजामाच्या राज्यात राजुरा आणि बेल्लमपल्ली एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती, त्यामुळे सासरे कोळशाच्या खाणीत नोकरीला आले तेव्हा आपण परमुलखात चाललो आहोत, असे त्यांना वाटले नसावे. पुढे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इकडेच राहिलो. माझे यजमानही सिंगरेणीच्या भूमिगत खाणीत ओव्हरमन होऊन निवृत्त झाले.

या तेलुगू मुलखात मी माहेराहून एक छंद बरोबर आणला, तो पंडित जितेंद्र अभिषेकींच्या गाण्याचा. बुवा १९२९ साली मंगेशीला जन्मले. त्यांचे मूळ आडनाव नवाथे. देवाच्या अभिषेकाची सेवा घराण्याकडे असल्यामुळे अभिषेकी हे नाव रूढ झाले. ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांच्या संगीताने त्यांनी नाट्यपदाला नवे वळण दिले, हे वाचकांना ठाऊक आहेच. एकच पद निरनिराळ्या गायकांनी कसे मांडले, कोणी कुठे श्वास घेतला, कोणी कोणता स्वर लांबवला, याची मी वही ठेवते. माझ्यासारख्याच पाचसहा वेड्या मंडळींशी या विषयावर मोबाइलवरून रोज देवाणघेवाण चालते. तसे पाहिले तर याचा जगाला काही उपयोग नाही. पण दुपारची भांडी आवरल्यावर ती वही उघडली म्हणजे दिवस भरून पावल्यासारखा वाटतो.

गेल्या श्रावणात एका सकाळी यांच्या उजव्या हातातून चहाचा पेला निसटला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि ‘काय होतंय?’ या माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून जे बाहेर पडले, ते शब्द नव्हते. पक्षाघातात वेळेची किंमत फार असते. डोक्याचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही, याची खात्री झाली, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मुलाने १०८ला फोन केला. मंचेर्याल वीसएक किलोमीटर, तिथून पुढे करीमनगर. त्या प्रवासात माझ्या मनात कोणते गाणे नव्हते, कोणती वहीही नव्हती. संकटाच्या पहिल्या घटकेत मनाचा समतोल राखण्याचा प्रश्नच नसतो. माणूस सगळेच्या सगळे संकटात असते आणि तसेच असायला हवे.

प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर, जेव्हा प्राणावरचे टळते आणि दिवस लांबू लागतात. दुसऱ्याच रात्री फोंड्याच्या एका मैत्रिणीकडून बुवांच्या एका जुन्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आले. त्याची मी दोन वर्षे वाट पाहत होते. पाच दिवस मी ते उघडले नाही. सहाव्या दिवशी मुलाने मला बळेच खोलीबाहेर पाठवले, तेव्हा इस्पितळाच्या जिन्यात बसून मी त्यातला आलाप ऐकला. अकरा मिनिटे. डोळ्यांतून पाणी आले, मग भूक लागली. आणि आपण सकाळपासून काही खाल्ले नाही, हे त्या भुकेमुळे आठवले. त्याच वेळी भेटीला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मला कानात तारा घालून बसलेली पाहिले. त्या मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणाकडे बोलल्या आणि ते माझ्यापर्यंत आले. ‘नवरा असा पडलाय आणि हिला गाणी सुचतात!’

भेटीला आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी माझी बाजू घेण्यासाठी बालगंधर्वांचे उदाहरण दिले. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही. ही कथा ऐकताना मराठी माणसाचा हात आपोआप जोडला जातो. पण मला तिचा आधार घेववेना. त्यांच्या मागे सारी नाटक मंडळी होती, तिकिटे काढून आलेले प्रेक्षक होते. ते कलावंताचे कर्तव्य होते आणि त्याचे मोल त्यांनी आतल्या आत मोजले असेल. मी श्रोती. मी न ऐकल्याने कोणाचे काही अडत नव्हते. माझ्या छंदाला कर्तव्याचा मुकुट घालणे खोटेपणाचे झाले असते.

खरा आधार मला माहेरच्याच एका उत्सवात सापडला. वास्कोचा सप्ताह गोव्याच्या वाचकांना सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत साथीने माणसे मरू लागली, तेव्हा गावकरी जांबावलीच्या श्रीदामोदराला शरण गेले, प्रसादाचे श्रीफळ घेऊन आले आणि त्यापुढे अखंड भजन सुरू केले. दरवर्षी श्रावणात चोवीस तास ते आजही चालते. घरोघर मृत्यू उभा असताना त्या लोकांनी गाणे बंद केले नाही. उलट सुरू केले. लहानपणी मी हा सप्ताह पाहिला आहे. भजन अखंड असते, पण भजन करणारा अखंड नसतो. एक मंडळी उठते, दुसरी बसते. ज्याची पाळी संपली, तो झांज पुढच्याच्या हाती देतो आणि बाहेर येऊन चहा पितो, फेरीतली दुकाने बघत हिंडतो, मुलाला खेळणे घेतो. त्याला कोणी म्हणत नाही, की आत देवाचे नाव चालले आहे आणि तू फुगे काय घेतोस? आपली पाळी त्याने चोख केलेली असते आणि आत दुसरे कोणी बसलेले असते.

बेल्लमपल्लीत तर पाळी हा शब्द निराळा शिकवावाच लागत नाही. कित्येक जुन्या खाणी आता बंद झाल्या. पण गावाचा सारा संसार भोंग्यावर आणि आठ तासांच्या तीन पाळ्यांवर वाढला. वर आलेला कामगार टोपीचा दिवा दिवाखोलीत जमा करतो आणि घरी जातो. खाली दुसरा उतरला आहे, यावर त्याचा विश्वास असतो. हे मला एकदा म्हणाले होते, की भूमिगत खाणीला बाहेर उघडणारी निदान दोन तोंडे ठेवावीच लागतात, कारण एकाच तोंडाच्या खाणीत हवा खेळत नाही. तेव्हा मी ते कामातले बोलणे म्हणून ऐकले आणि सोडून दिले.

मग मी स्वतःपुरती मर्यादा आखली. कार्तिकात गोव्याला एका संगीतमहोत्सवाला जायचे होते. ते तिकीट रद्द केले. नव्या ध्वनिमुद्रणांची खरेदी थांबवली. मंडळींच्या वादात पडणे सोडले, कारण वाद रात्री झोपेतही चालू राहतात. ठेवली ती एवढीच: मुलगा खोलीत बसला, की अर्धा तास माझा, आणि त्यातही एक कान मोकळा. देवळात नित्य आणि नैमित्तिक असा भेद आपण करतोच. अडचणीच्या साली पालखीचा थाट कमी होतो, जत्रा साधेपणाने होते. पण नंदादीपाचे तेल कोणी वाचवीत नाही. गोव्याहून मावशी फोनवर म्हणाली, “बाय, पयलीं पेज जेव, मागीर रडपाक वेळ आसा.” पेजेसारखेच त्या अर्ध्या तासाचे होते.

पुढे एक गोष्ट घडली. यांची वाचा गेलेली होती. पाण्याला पाणी म्हणता येत नव्हते. महिन्याभराने घरी आरती चालू असता हे आमच्याबरोबर म्हणू लागले, शब्द स्पष्ट. भाषेचे केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असते. तिथे इजा झालेल्या माणसाला बोलता आले नाही, तरी चालीत बांधलेले पाठाचे शब्द गाता येतात, हे वैद्यकाला माहीत आहे. १९७०च्या दशकात बोस्टनमधील डॉक्टरांनी यावरून एक उपचारपद्धतीही घडवली. २००८ साली फिनलंडमधील संशोधकांनी असेही दाखवले, की पक्षाघातानंतर दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली.

हे ऐकून त्या नातेवाईक बाईही निवळल्या. ‘बघ, तुझ्या गाण्याचा शेवटी उपयोग झाला,’ असे त्या आता म्हणतात. मी मान हलवते, पण मनातून मला ते पटत नाही. यांना फुटली ती आरती, माझी नाट्यपदे नव्हेत; ती लावली तर आजही हे पंखा बंद करावा तशी हाताने खूण करतात! आणि आरतीही फुटली नसती, तरी जिन्यातली ती अकरा मिनिटे अयोग्य ठरली नसती. छोट्या आनंदाला औषध म्हणून प्रवेश द्यायचा आणि एरवी दाराबाहेर उभा करायचा, हे मला मान्य नाही.

हे आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. बोलणे अर्धे आले आहे. उरलेले येईल की नाही, कोणी सांगत नाही. म्हणजे ही पाळी लांबची आहे. वाचकांपैकी कोणी अशा घरी समाचाराला जाणार असेल, तर एवढेच सांगावेसे वाटते: शहाळी न्या, पण थोडा वेळही घेऊन जा. आजाऱ्यापाशी तासभर स्वतः बसा आणि त्या घरच्या बाईला म्हणा, ‘जा, तुला जे करायचे असेल ते करून ये.’ ती काय करून आली, हे विचारू नका.