रुळांमधला खंड

कळवणला रेल्वे नाही. 2024 साली मंजुरी मिळालेला मनमाड-इंदूर मार्गही मालेगाव-धुळ्याच्या अंगाने जाणार, त्यामुळे ती येण्याची आशाही नाही. येथला कांदा काय नि येथली माणसे काय, आगगाडी गाठायची तर आधी रस्त्याने नाशिक रोड वा मनमाड गाठावे लागते. अशा गावी, बाहेरगावची अध्यापकी संपवून परतल्यावर, आम्ही एका फळीवर छोटी आगगाडी मांडावयास घेतली आहे. या छंदाची ओळख आम्हांस पुण्यात झाली. कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय 1998 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथे धावत्या गाड्यांकडे सगळेच पाहतात. त्या धावतात कशा, हा प्रश्न मात्र घरी आल्यावर पडतो.

उत्तर फळीच्या खालच्या बाजूस असते. रुळांची जोडी हीच तारांची जोडी. एका रुळातून 12 व्होल्टचा एकदिश प्रवाह इंजिनाच्या मोटारीत शिरतो, दुसऱ्यातून परततो. कोणता रूळ धन आणि कोणता ऋण, यावर गाडीची दिशा ठरते. रूळ ज्या मिश्रधातूचे असतात त्याला निकेल-सिल्व्हर म्हणतात. नावात चांदी असली तरी आत तांबे, निकेल आणि जस्तच. त्याचा रोध तांब्याहून बराच अधिक, त्यामुळे दूरच्या टोकाला गाडी मंदावते. म्हणून फळीखालून तांब्याच्या दोन जाड तारा न्यावयाच्या, आणि दर मीटरभरावर त्यांतून बारीक तार वर काढून, राळ लावून, कथिलाने रुळाला झाळावयाची. लाल तार नेहमी एकाच रुळाला, काळी दुसऱ्याला. ही तार मागावयास गेलो तेव्हा दुकानदाराने विचारले, "सर, मोटार किती एचपीची?" त्याचे बरोबरच होते. येथे वीज म्हणजे विहिरीवरची मोटार.

येथवर सारे जोडणे होते. खरी विद्या पुढे लागते, जेव्हा गाडीला परत आणावयाचे असते. मार्ग गोल वळवून पुन्हा स्वतःलाच मिळवला, की डावा रूळ वळसा घेऊन उजव्याला भेटतो. धन आणि ऋण थेट एकत्र येतात. गाडी ठेवण्याआधीच मार्ग शॉर्ट होतो. उपाय एकच: वळणाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापावयाचे, फटीत प्लास्टिकची जोडपट्टी घालावयाची, आणि त्या अलग तुकड्याला स्वतंत्र बटणातून वीज द्यावयाची. छंदःशास्त्र शिकविणाऱ्यांस यात यती आठवेल. यती शब्दाच्या मध्यावर पडली तर चरण अडखळतो. हा छेदही नेमक्या जागीच लागतो.

खऱ्या रेल्वेलाही हे चुकलेले नाही. आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीस, 2006 पर्यंत दोन प्रकारच्या विजा समोरासमोर येत: मुंबईकडून 1500 व्होल्टची एकदिश, पुढे 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती. कितीतरी गाड्यांचे इंजिन तेथे बदलले जाई. आजही दोन उपकेंद्रांच्या हद्दीवर डोक्यावरील तारेत काही मीटरांचा निर्वीज तुकडा असतो. चालक वीजपुरवठा तोडतो, आणि गाडी केवळ आधीच्या वेगावर तो ओलांडते.

वळणाचा नियम मात्र आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. गाडी वळणात असताना तिची वीज तशीच ठेवतात. मधल्या काळात बटण दाबून उलटवितात ती मुख्य मार्गाची. म्हणजे गाडी आपल्या समजुतीप्रमाणे सरळ पुढेच जात असते, आणि ज्या मार्गावरून ती गेली होती तो मात्र ती परतेपर्यंत उलटा झालेला असतो.

आमच्या घरची बोली अहिराणी. आई होती तोवर सुटीत घरी आलो की तिच्याशी ती आपोआप तोंडी येई. बाहेर आम्ही तीस वर्षे प्रमाण मराठी शिकविली, आणि तिलाच सरळ मार्ग समजत राहिलो. आता शेजारचे काका ओट्यावर बसून अहिराणीत बोलतात, आम्ही प्रमाण मराठीत उत्तर देतो, आणि ते क्षणभर थांबतात. त्यांची नातवंडे तर आमच्याशी आमच्याच वर्गातल्या मराठीत बोलतात. आम्ही बोली सोडून गेलो, तोवर गावानेही तिचा एक रूळ उलटविला. आता कोणी कोणाशी कसे जुळावे?

तारांचे शास्त्र यावर एक अटच सांगते. अलग केलेला तुकडा गाडीहून लांब हवा. तो आखूड पडला, तर पुढचे इंजिन एका फटीवर आणि दिवे लावलेला शेवटचा डबा दुसऱ्या फटीवर येतो, धातूची चाके दोन्हीकडे पूल बांधतात, आणि सारे पुन्हा शॉर्ट होते. गाडी संपूर्ण आत मावेपर्यंत थांबावे लागते.

आमची गाडी तीस वर्षांची आहे. तोवर काका बोलतात ते आम्ही ऐकत बसतो; उत्तराची घाई करीत नाही. परवा एक शब्द मात्र आपोआप तोंडी आला, आणि काका थांबले नाहीत.